पान उलटलं, धडा मात्र मागचाच

बाई, नमस्कार.

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून लिहितेय. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून 23 मुलं आणि दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. खरं सांगायचं तर सभेत कोणी हात वर करेना म्हणून माझं नाव घातलं. बारावी झालेय, नवरा बोटीवर असतो.

गेल्या आठवड्यात पोषण आहाराची चव बघायला शाळेत गेले होते. चौथीतली एक मुलगी मला धडा वाचून दाखवायला आली. घडाघडा वाचत होती. पावसाची झड आत येत होती म्हणून मी खिडकी लावायला उठले. तेवढ्यात वाऱ्यानं तिच्या पुस्तकाचं पान उलटलं आणि ती तशीच वाचत राहिली, मागच्या पानावरचं! मी एका शब्दावर बोट ठेवून म्हटलं, हा कुठला? गप्प. सोपा म्हणून 'घर' दाखवला. तरी गप्प. मग रडायलाच लागली.

बाई, तिच्यासारखी अजून किती असतील? आमचे सर चांगले आहेत, परभणीकडचे आहेत, दोन वर्षांपूर्वी बदलून आले. त्यांना बोलले तर वाटेल मी तक्रार करते. गावात बोलले तर पोरीचं नाव होईल. त्यात आमच्या मुंबईच्या मंडळानं शाळेला 40 हजार द्यायचं ठरवलंय, त्यांना मोठा टीव्ही घ्यायचाय. मी काय करू? मला काही शिकवता येत नाही.

एक अध्यक्ष (नाव छापू नये)

* * *

शिकवता येत नाही म्हणता, पण मी 34 वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून दहा-बारा शाळा पालथ्या घातल्या, आणि तुम्हाला जे खिडकी लावता लावता दिसलं ते माझ्या स्वतःच्या वर्गात मला तीन वर्षं दिसलं नव्हतं.

शाळेचं नाव सांगत नाही, खाडीपलीकडची म्हणा. माझ्या वर्गात एक मुलगा होता. अक्षर इतकं सुबक की रोजचा सुविचार मी त्यालाच फळ्यावर लिहायला लावायची. मी चिठ्ठीवर लिहून द्यायची, तो फळ्यावर उतरवायचा. त्याच्या वह्या तर मी न वाचताच 'छान' करून टाकायची. तिसरी संपत आली होती. एक दिवस घाईत माझ्याकडून चिठ्ठीत 'बोलावे'चा काना राहिला. त्यानं फळ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'नेहमी खरे बेलावे'. वर्ग हसला. मी म्हटलं, वाच बघू काय लिहिलंस. तो खाली फरशीकडे बघत राहिला. तीन वर्षं तो लिहीत नव्हताच, रांगोळी काढावी तशी अक्षरं काढत होता. तोंडी परीक्षेला बोलायचा नाही म्हणून मी त्याला आळशी ठरवून टाकलं होतं. आठवीत शाळा सोडली त्यानं.

येत नाही हे लपवायला मुलं केवढी हुशारी खर्च करतात! तुमच्या त्या चौथीतल्या मुलीनं तर आख्खं पुस्तक पाठ केलंय. शेजारच्यानं वाचलेलं कानात साठवायचं, चित्र बघून पान ओळखायचं, आपली पाळी कधी येणार याचा हिशेब ठेवायचा. हे सगळं करणारं मूल 'ढ' कसं असेल? दंगा करणारा मुलगा बाईंच्या डोळ्यांवर येतो, अशी शांत, नीटनेटकी मुलं वर्षानुवर्षं येत नाहीत.

आता सरांचं. तुम्हाला सगळ्यात जास्त भीड तिथं वाटतेय, आणि ती रास्त आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये प्रत्येक मुलाला किती येतं हे पाहणं आणि लागेल तिथं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. कलम 21 प्रमाणे शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे तुमच्या समितीचं काम. तिथं 75 टक्के सभासद पालक असावे लागतात, निम्म्या बायका. म्हणजे अधिकार तुमच्याकडे आहे. पण तो पर्समध्येच राहू द्या. कायद्याचं कलम तोंडावर फेकलेला शिक्षक त्या दिवसापासून कागद नीट ठेवायला लागतो, आणि मुलं आहेत तिथंच राहतात. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, कलम फेकणारीही मीच होते एकदा.

सरांकडे बघा जरा. दोन शिक्षक, चार वर्ग. म्हणजे एका वेळी दोन इयत्ता एका खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन दुसरीकडे वळावं तर मोबाईल वाजतो: अमुक लिंक आलीय, माहिती आजच भरा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं त्याच कायद्यात म्हटलंय, पण लिंक पाठवणाऱ्यानं ते वाचलेलं नसतं. अशा खोलीत घडाघडा वाचणारी मुलगी म्हणजे सरांना तेवढाच दिलासा. तिला थांबवून शब्दावर बोट ठेवायला वेळ कुठून आणायचा?

म्हणून शाळा सुटल्यावर एकट्या जा. चारचौघांत नको, पालकसभेत तर मुळीच नको. मुलीचं जे झालं ते सांगा, पण 'तुमच्या वर्गात असं कसं' असा सूर लावू नका. म्हणा, "सर, मला वाटतं सगळ्या मुलांचं वाचन एकदा एकेकट्यानं ऐकायला पाहिजे. तुम्ही ऐका, तेवढा वेळ बाकीची मुलं मी सांभाळते." एवढंच. गोष्ट सांगायला येते ना? भुताची सांगा, पोरं हलणार नाहीत. सरांना जे हवं असतं ते सहसा कोणी देत नाही: एका मुलाबरोबर शांतपणे बसायला पाच मिनिटं. 23 गुणिले 5, म्हणजे 115 मिनिटं. दोन दुपारी पुरे.

ऐकायचं कसं, त्याची एक पद्धत सरांना बहुधा माहीतच असेल. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं 2005 पासून 'असर' नावाची पाहणी गावोगाव होते, तिच्यात अगदी साधी कागदाची पट्टी वापरतात. तिच्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करायची. आला तर वर गोष्टीकडे, नाही आला तर खाली शब्दांकडे, तेही नाही तर अक्षरांकडे. मूल जिथं सहज टिकतं ती त्याची पायरी. ना गुण, ना पास-नापास. मजकूर मात्र पुस्तकाबाहेरचा हवा, नाहीतर तुमची मुलगी पुन्हा पहिली येईल. आणि मूल एकटंच हवं, दाराआड कान लावून बसलेली भावंडं हाकला.

ही पाहणी तुमच्या मुलीसाठी आहे असं धरून चालू नका. ती चौथीत आहे. तिच्यासाठी उशीर झालाय, वेळ गेलेली नाही. पण तुमचा डोळा पहिली-दुसरीवर हवा. तिसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात येतं, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात. वाचता येत नसलेल्या मुलाचे तिथून पुढं सगळेच विषय बुडतात आणि आपण म्हणत बसतो, याचं गणित कच्चं. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. मुलांना हे सांगून घाबरवू नका, पण तुम्ही ध्यानात ठेवा. केंद्रानं 5 जुलै 2021 ला निपुण भारत सुरू केलं ते याच हिशेबानं: 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड करता यावी. पोस्टर तुमच्या शाळेच्या भिंतीवर असेलच. सरांना वर काय सांगायचं असा प्रश्न पडला तर त्याच पोस्टरकडे बोट दाखवा.

पाहणी झाली की गंमत दिसेल. चौथीतली दोन मुलं आणि दुसरीतली तीन एकाच पायरीवर निघतील, दुसरीतली एखादी पोरगी गोष्ट वाचून मोकळी होईल. मग रोज एक तास इयत्ता विसरायची. पायरीप्रमाणे तीन गट करायचे: अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदाच्या पुढचे. गट तीन, शिक्षक दोन.

तिसरं माणूस कुठून आणायचं? तुमच्या गावात बारावी होऊन घरी बसलेल्या मुली किती आहेत, बोटं मोजा. लग्न ठरेपर्यंत कोळंबी सोलतायत, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतायत. त्यातली एक घ्या.

हे मी मनाचं सांगत नाही. मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिकेच्या शाळांत 'प्रथम'नं बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला होता. वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वेगळी घेऊन बसायची, रोज दोनेक तास. 2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शास्त्रशुद्ध मोजून पाहिला. मुलांचं वाचन-गणित सुधारलं, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात खाली असलेल्यांना. पुढं 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या जोडीला मायकल क्रेमर यांच्याबरोबर, ते गरिबीवरच्या अशाच प्रयोगांसाठी. बालसख्या काही डीएड, बीएड नव्हत्या. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगते: कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्यातला बराच भाग ओसरला. म्हणजे एक वर्ष उत्साहानं करून पुढच्या जूनला बंद, असं करायचं असेल तर पोरांना आशा तरी कशाला लावायची?

आणि त्या मुलीला सरांच्या डोक्यावर बसवू नका. रोज काय घ्यायचं ते सर ठरवतील, ती ऐकेल, बोट ठेवेल, पुन्हा ऐकेल. शाळेत येताना दार सरांनी उघडलेलं असावं, तुम्ही ढकललेलं नको.

तासाला 'कच्च्यांचा वर्ग' असलं काही नाव पडू देऊ नका. तिन्ही गट एकाच वेळी बसले की कोण कुठं हे बाहेरच्याला कळत नाही. 'गोष्टीचा तास' म्हणा. पहिली दहा मिनिटं ताईनं शब्दाखाली बोट फिरवत एक गोष्ट वाचायची. मग मुलांनी तीच, एकेकट्यानं, हळू. मग बाराखडीचा तक्ता. मग प्रत्येकानं आपल्या मनाची एक ओळ लिहायची. चुकलेली चालेल, उतरवलेली चालणार नाही! (हे माझ्यासाठी आहे.) ताईकडे शंभर पानी वही: मुलाचं नाव, तारीख, पायरी. महिन्यातून एकदा पुन्हा तीच पट्टी, नव्या मजकुराची. समितीच्या बैठकीत तुम्ही एवढंच विचारायचं, गेल्या महिन्यात अक्षरांवर सात होते, आता किती? पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब विचारता ना, तसंच.

टीव्हीकडे येते.

मंडळाचा राग करू नका. चाकरमान्यांना गावासाठी काहीतरी करायचं असतं, आणि जे करायचं ते गणपतीला आल्यावर दिसायला हवं असतं. टीव्ही दिसतो. कोपऱ्यात लाल रंगात मंडळाचं नाव दिसतं. ऐकत बसलेली ताई दिसत नाही. माझ्या माहितीतल्या एका शाळेत असाच टीव्ही आला होता. खारी हवा, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज गायब. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला मी पाहिला, वर फुलदाणी.

पण पडद्यानं काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातच वडोदऱ्याला मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले होते, त्यानं गणित चांगलंच सुधारलं. फरक इतकाच की तिथं एका संगणकासमोर दोन मुलं होती आणि ज्याला जेवढं येतं तेवढं अवघड गणित पुढं यायचं. मोठ्या टीव्हीवर 23 जणांना एकच कविता लागते. ज्याला येतं तो म्हणतो, ज्याला येत नाही तो ओठ हलवतो. तुमच्या मुलीला लपायला आणखी एक जागा.

हिशेब मांडून दाखवा मंडळाला. तास-दीड तासाच्या कामाचे ताईला महिना 3 हजार, जुलै ते एप्रिल दहा महिने, झाले 30 हजार. राहिलेल्या 10 हजारात गोष्टींची पुस्तकं (जाड नकोत, पानाला दोन ओळी असलेली हवीत), बाराखडीचे तक्ते, पाट्या आणि पुस्तकांसाठी पत्र्याचं कपाट. कपाटावर मंडळाचं नाव घाला ठसठशीत, त्यांचा मान राहिला पाहिजे. पैसे समितीच्या खात्यावर घ्या, ठराव लिहा, सरांना पुढं घाला. रोख कोणाच्या हातात नको, तुमच्याही नाही. गाव आहे, दोन महिन्यांत कोणीतरी विचारणारच. व्हॉट्सअपवर लांबलचक निवेदन पाठवू नका. सरळ लिहा: "आपल्या शाळेतल्या इतक्या मुलांना अजून वाचता येत नाही. तुमच्या पैशातून वर्षभर एक ताई ठेवतोय. गणपतीला याल तेव्हा शाळेत या, मुलं तुम्हाला वाचून दाखवतील." आकडा घाला, नावं घालू नका.

पाठ केलेलं दाखवणार नाहीत याची खात्री मात्र करून ठेवा.

आता एक गोष्ट सर परभणीचे आहेत म्हणून सांगते. यात त्यांचा दोष काडीचा नाही. समजा, पहिलीच्या मुलाला चित्र दाखवून विचारलं, नांगर कुठे असतो? पोर म्हणालं, पाण्यात. सरांनी फुली मारली. सरांच्या गावाकडे नांगर शेतात असतो, बैलांच्या मागे. तुमच्याकडे तो बोटीवरून पाण्यात सोडतात. दोघंही बरोबर, पण फुली मुलाला मिळाली. असं आठवड्यातून चारदा झालं की मूल एक धडा पक्का शिकतं, आपल्याला माहीत असलेलं शाळेत चालत नाही, गप्प बसावं. मग ते गप्प बसतं आणि आपण त्याची नोंद 'प्रतिसाद देत नाही' अशी करतो.

तेव्हा सरांना घेऊन एकदा बंदरावर जा. बोंबील, बांगडा, कोळंबी, जाळं, शीड, वल्हं, डोल, भरती, ओहोटी. एवढ्यात बाराखडीतलं बरंच निघतं. कार्डं त्याच शब्दांची करा. 'ऋषी' आणि 'यज्ञ' मागाहून येऊ देत, कुठे पळून जात नाहीत. मुलं घरी जी कोळ्यांची बोली किंवा कोकणी बोलतात तिच्यातलं उत्तर आलं तर आधी 'बरोबर' म्हणायचं, मग पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी ठेवायचा. हे काम ताई सरांपेक्षा चांगलं करील, तिची भाषा तीच आहे.

गणितातही हाच प्रकार. आईबरोबर मासळी विकायला बसणारी पोरगी दीडशेचे दोन वाटे आणि पाचशेची नोट याचे परत किती, हे नजर न हलवता सांगते. तिला वहीत 42 वजा 17 घाला. उत्तर 35. का? दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करते, लहानातून मोठं जात नाही एवढंच तिला पाठ झालंय. उसना घेणं म्हणजे दहाची एक नोट मोडून दहा सुटे घेणं, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. खोट्या नोटा घ्या, दहाच्या चार आणि रुपयाची दोन नाणी द्या आणि म्हणा, सतरा दे मला. ती आपणहून नोट मोडेल. तिनं नोट मोडल्यावर मगच वही उघडायची.

तुमचं पत्र जुलैत आलं हे फार बरं झालं. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. म्हणजे आत्ता बाप घरी आहेत, जाळी विणत, इंजिनाची कामं करत. ऑगस्ट लागला की ते समुद्रावर, आणि पालकसभेला पुन्हा फक्त बायका, त्याही लिलावाची वेळ सांभाळून. त्यामुळे सभा याच महिन्यात घ्या, तीही संध्याकाळी, शाळेत नाही जमलं तर बंदरावरच्या शेडमध्ये. बापांना शाळेत यायला लाज वाटते, जाळ्यापाशी बसून ते ऐकतात. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागा. बोटी लागल्या म्हणून धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवायचं नाही, ही पहिली. हजेरीपट उघडून बघा, तुमच्या मुलीचे खाडे कुठल्या दिवसांना पडलेत ते. मला जे वाटतंय तेच निघेल. दुसरी, घरी रोज पाच मिनिटं मुलानं वाचायचं आणि कोणीतरी ऐकायचं. आईला वाचता येत नसलं तरी चालतं. तिनं फक्त विचारायचं, मग पुढं काय झालं? पाठ केलेलं मूल तिथं अडखळतं, वाचलेलं सांगतं.

गावात कोणीतरी म्हणेलच, दापोलीला क्लास लावा. पहिली-दुसरीच्या मुलाला एसटीनं क्लासला? सोडून द्या.

काही मुलं मात्र या सगळ्यानंही हलणार नाहीत. तिथं आधी कान आणि डोळे तपासून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे किती पोरांचे कान वाहतात! आया खोबरेल तेल घालतात आणि विसरतात. माझ्याकडे एक मुलगी 'पाट' आणि 'बाट' सारखंच लिहायची. मी तिला शंभर वेळा घोटवून घेतलं, आणि तिला ऐकूच कमी येत होतं. शाळांत दरवर्षी आरोग्य पथक येतं ना, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. 2013 मध्ये त्याची सुरुवात आपल्याच कोकणपट्टीत पालघरला झाली. पथक आलं की घाईत वजन-उंची उरकू देऊ नका, अडलेल्या मुलांची यादी सरांकडून हातात द्या आणि म्हणा, यांचे कान-डोळे नीट बघा.

कान-डोळे ठीक, हजेरी ठीक, चार-सहा महिने रोज नेमानं बसवलं, तरी मूल अक्षरांवरच घुटमळतंय, तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवायला सरांना सांगा. अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि ती लवकरात लवकर ओळखणं ही शाळेची जबाबदारी म्हटलीय. पण हा शब्द तुम्ही किंवा मी, सरांनीसुद्धा, आपण होऊन कोणाला चिकटवायचा नाही. तो तपासणी करणाऱ्यांनी सांगायचा. पहिली-दुसरीत अक्षरं उलटी काढणारी मुलं ढिगानं असतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं.

राहिली तुमची मुलगी. तुम्ही तिला पकडलंत असं तिला वाटतंय. सगळ्यात आधी ते पुसायला हवं, आणि समजूत घालून ते पुसलं जात नाही. तिच्याकडे काम घेऊन जा. जो धडा तिला पाठ आहे त्याच पानाची झेरॉक्स काढा, थोडी मोठी करून. कात्री घेऊन तिच्यासमोर बसा. एक ओळ कापा, तिला म्हणायला लावा, तिचा आवाज जसा पुढं जाईल तसं तुम्ही शब्दाखाली बोट सरकवा. मग ती ओळ शब्दाशब्दांत कापा, पत्त्यांसारखी पिसा आणि तिला पुन्हा लावायला द्या. ओळ तिला पाठ आहे, तेव्हा पहिला शब्द कुठला यायला हवा हे तिला माहीत आहे. आता तो या तुकड्यांतून फक्त शोधायचाय. पहिल्या दिवशी दोन ओळी होतील. घाई करू नका. शेवटी एक तुकडा बाजूला काढून विचारा, हा कुठला गं? सांगता आला तर तो तिला घरी न्यायला द्या.

दोन रुपयांची झेरॉक्स आणि तुमच्या शिवणाच्या डब्यातली कात्री. शिकवता येत नाही म्हणालात ना? हे उद्या दुपारी करून बघा, आणि कुठला शब्द घरी नेला ते मला लिहून कळवा.